पेजेच्या पाण्यातले कळे

आमच्या गावात देवीला विचारल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. मुलीचं लग्न असो, बांधाचं भांडण असो, हरवलेली म्हैस असो की आजारी माणूस, नारळ घेऊन देवळात यायचं आणि कौल मागायचा. आमचं घर गुरवांचं. माझा थोरला भाऊ परशुराम देवीची पूजा करायचा, आणि मी, जानकी, बाविसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन त्याच्या दारात परत आले ती तिथलीच झाले.

कौलाची रीत सोपी. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर दादा ओल्या पाकळ्या चिकटवायचा. त्यांना कळे म्हणतात. मग हात जोडून गाऱ्हाणं घालायचा. उजवा कळा आधी गळला तर देवी हो म्हणाली, डावा गळला तर नाही म्हणाली.

त्याहून सोपी रीत आमच्या चुलीपाशी होती. विहिरीच्या पाण्यात बुडवलेली पाकळी सुकली की गळून पडते. पेजेच्या निवळीत बुडवलेली पाकळी दुपार झाली तरी हलत नाही. दादा सकाळी आंघोळ करून यायचा आणि एवढंच म्हणायचा, "आज उजवो." नाहीतर, "आज डावो." माझी वयनी शेवंती दोन वाट्या घ्यायची, एकीत पाणी, एकीत पेजेची निवळ, आणि पाकळ्या बुडवून केळीच्या पानावर दोन बाजूंना मांडायची. पाकळ्या वेचून मी आणून द्यायचे. अशी तीस वर्षं गेली.

आपण काही वाईट करतोय असं तेव्हा वाटायचं नाही. दादा म्हणायचा, गावाच्या भल्याचं तेच देवी बोलते, आपण नुसता हात लावतो. कुंपणानं शेत खायचं आणि वर म्हणायचं, मी राखण करतंय! पण हे शहाणपण मला आता सुचतंय.

राधाबाई मानकरीण आजारी पडली तेव्हाही दादा "आज डावो" म्हणाला होता. मानकरी म्हणजे गावातलं पहिलं घर, देवीची पालखी आधी त्यांच्या खांद्यावर जायची. राधाबाईला जेवण जाईना. अर्धी वाटी पेज प्यायली की तिचा हात मागे यायचा. वाडीतल्या बायका म्हणाल्या, वायगोळा असेल, हिंग लाव बेंबीला. तिला स्वतःला मात्र वेंगुर्ल्याच्या डॉक्टरणीकडे जायचं होतं. तिच्या मुलाला, सत्यवानाला, ते नको होतं. मानकऱ्यांच्या घरातली बाई परक्या ठिकाणी टेबलावर उघडी निजायची, लोक काय म्हणतील! आदल्या दिवशी त्यानं दादाला देवळामागे गाठलं होतं. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, पण डावा कळा गळला आणि राधाबाई घरी राहिली.

चार महिन्यांनी तिचं पोट नऊ महिन्यांच्या बाईसारखं दिसायला लागलं तेव्हा सत्यवान घाबरला. मग कौलबिऊल विसरून होडीनं खाडी ओलांडून, पुढे मोटारीनं तिला वेंगुर्ल्याला नेली. हातपाय धरायला कुणीतरी बाई हवी म्हणून शेवंती सोबत गेली. डॉक्टरणीनं पोट दाबून पाहिलं, हात धुतले आणि शेवंतीला बाहेर घेऊन जाऊन म्हणाली, "बीजकोशाची गाठ आहे. आता पोटात पाणी झालंय, मला काही करता येणार नाही. दोन घासांत पोट भरायला लागलं, कमरेची गाठ सैल करावी लागली, सारखं लघवीला जावंसं वाटायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं, तेव्हा आणायला हवी होती. असं एखाद्या दिवशी कुणालाही होतं. पण रोज रोज व्हायला लागलं, महिनाभर टिकलं, तर वाट बघू नये. प्रत्येक वेळी वाईटच असतं असं नाही. पण तपासल्याशिवाय कसं कळणार?"

शेवंतीनं घरी येऊन हे सगळं मला सांगितलं, शब्दाला शब्द. राधाबाई आठ दिवसांनी गेली. त्यानंतर कितीतरी दिवस शेवंती पेजेला शिवली नाही. मी तिची समजूत घालत म्हटलं, "वयनी, तू काय केलंस? दादान सांगला ता तू केलंस."

"हात माझो होतो गो," ती म्हणाली.

पण पाकळ्या बुडवायची थांबली का? नाही थांबली. सांगते ते सगळंच सांगते.

राधाबाई जाऊन तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. शेवंतीला सत्तेचाळिसावं चालू होतं. एका सकाळी आम्ही दोघी देवळामागच्या चाफ्याखाली पाकळ्या वेचत होतो. ती मध्येच कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सरळ आवाजात म्हणाली, "जानकी, माका राधाबायचा झाला."

"गप. तोंडाक येयत ता बोलतंस."

"दीड म्हयनो झालो. दोन घास खालंय की पोट गच्च. लुगड्याची गाठ रोज सैल करतंय. परसात किती येळा जातंय ता तूच बघतंस. हंय हात लाव."

तिनं माझा हात ओढून बेंबीखाली, डाव्या अंगाला लावला. आत काहीतरी घट्ट होतं, न शिजलेल्या सुरणासारखं. मी हात काढून घेतला. मला भीती वाटली हे खरं, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला, की हे तिनं मला का दाखवावं.

दादा जेवायला बसला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. "माका वेंगुर्ल्याक न्हेवा. ह्याच आठवड्यात."

दादानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "गुरवाची बायल कौल घेतल्याबगर डॉक्टराकडे गेली तर गाव काय म्हणतलो?"

शेवंती हसली. तीस वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "घेवा कौल," ती म्हणाली. "कळे माझेच हात तयार करतत."

तिला वाटलं, आपलं मरणजगणं आपल्याच दोन वाट्यांत आहे. मलाही तसंच वाटलं. त्या सकाळी दादा काहीच बोलला नाही, उजवा नाही की डावा नाही, आणि तिनं विचारलंही नाही. तिनं डावी पाकळी पेजेत चांगली घोळवली, उजवी विहिरीच्या पाण्यातून नुसती काढली, आणि पान माझ्या हातात दिलं. गुरवाच्या घरचा कौल म्हणून अख्खा गाव जमला होता. सत्यवान पुढेच बसला होता.

मी पान गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवलं. दादाची पाठ लोकांकडे होती. मी बाजूला उभी होते, म्हणून मला दिसलं. त्यानं पाकळ्या उचलायच्या आधी पान हळूच फिरवलं. बस, एवढंच केलं. डाव्या बाजूचं उजवीकडे आलं आणि उजव्या बाजूचं डावीकडे गेलं.

का केलं ते मला तिथल्या तिथे कळलं. शेवंती वेंगुर्ल्याला जाऊन बरी होऊन परत आली असती, तर गाव विचारणार होता, मग राधाबाईला देवी नाही का म्हणाली? झाकली मूठ सव्वा लाखाची. दादानं बायकोपेक्षा मूठ सांभाळली. तो माझा भाऊ, त्याचं मीठ मी खाल्लं, तरी सांगते, त्या माणसानं पान फिरवलं आणि नेहमीच्याच आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

गाऱ्हाणं झालं. लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले. थोड्या वेळानं डावा कळा सुटून खाली पडला.

शेवंती बायकांमधून उठली आणि देवळाच्या अंगणात मधोमध येऊन उभी राहिली. "पान फिरवलात तुम्ही," ती दादाला म्हणाली. मग लोकांकडे वळून तिनं सगळं सांगून टाकलं. वाट्या सांगितल्या, पेज सांगितली, पाणी सांगितलं, तीस वर्षं सांगितली. शेवटी ती सत्यवानासमोर गेली.

"सत्यवाना, तुझ्या आवशीचो कळो माझ्या ह्या हातान पेजेत बुडवलेलो. पाप माझा आसा. पण तिका जा झाला ताच माका झाला आसा रे. तशीच पेज जाणा नाय, तशीच गाठ, तसाच दुखता. डॉक्टरणीन माका सगळा सांगलेला. आता येळ आसा. तू तरी माका न्हे."

तिला वाटलं होतं सत्यवान पेटून उठेल. मलाही वाटलं होतं. आईचा कौल खोटा निघाला म्हटल्यावर मुलगा गुरवाच्या नरड्याला हात घालील की नाही? पण आम्ही दोघी मूर्ख. डावा कौल मागितला होता कुणी? देवी नाही म्हणाली असेल तर सत्यवान आज्ञाधारक मुलगा ठरत होता. पेज नाही म्हणाली असेल तर आईला त्यानंच मारलं होतं. हे त्याला आमच्याआधी कळलं. त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं, आणि मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही शेवंती नाय. ही माझी आवस बोलता."

अख्ख्या गावानं सुटकेचा श्वास टाकला. खरंच टाकला, मी ऐकला. तसं नसतं तर प्रत्येकाला आपापला कौल उकरून बघावा लागला असता, कुणाची मुलगी कुठल्या घरी दिली, कुणाचा बांध कुठे सरकला. त्यापेक्षा राधाबाई शेवंतीला लागली हे किती सोयीचं. पुरावा तर शेवंतीनंच दिला होता, तशीच पेज, तशीच गाठ, तसंच दुखणं. डॉक्टरणीनं ज्या खुणांवरून दुखणं ओळखायला शिकवलं होतं, त्याच खुणांवरून गावानं भूत ओळखलं.

दादानं ती संधी सोडली नाही. अंगारा आला, वेत आला. तिचा अंबाडा सोडून केस मोकळे केले आणि तिला अंगणात बसवलं.

"कोण तू?"

"मी शेवंती."

वेत बसला.

"खंयसून इलंस? काय व्हया तुका?"

"मी शेवंती. माका कोण लागूक नाय. माका डॉक्टरणीकडे न्हेवा."

पुन्हा वेत बसला. असं अकरा वेळा झालं. मी मोजले.

आमच्या गावात भुताचं मागणं कुणी मोडत नाही. भुतानं कोंबडा मागितला की कोंबडा देतात, लुगडं मागितलं की लुगडं देतात. तिनं एकदाच, फक्त एकदा म्हणायचं होतं, मी राधाबाई, माका वेंगुर्ल्याक न्हेवा. त्याच दुपारी होडी सुटली असती, आणि सत्यवानानं तिला स्वतःच्या हातानं उचलून होडीत ठेवलं असतं. जन्मभर रोज सकाळी खोटं मांडणारी बाई, त्या एका दिवशी तिला खोटं बोलवेना. मला तिचा अजून राग येतो. आता, हे सांगतानाही येतो.

बाराव्यांदा वेत उचलला तेव्हा ती माझ्याकडे वळली. "जानकी, तू सांग गो. तू पाकळ्यो वेचलंस. तू पान बघलंस. सांग तेंका."

सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. दादाही बघत होता, वेत तसाच हातात धरून. त्याच्या छपराखाली माझं अंथरूण होतं, त्याच्या चुलीवर माझी पेज शिजत होती. मी पदर तोंडाशी धरला आणि म्हणाले, "माका काय ठावक नाय. हल्ली ती अशीच बडबडता."

त्यानंतर कुणी मारलं नाही. गरज उरली नाही.

ती सात महिने जगली. शेवटी शेवटी नऊवारी लुगडं तिच्या पोटाला पुरेना, मी जुनी चादर गुंडाळायचे. पेज चमच्यानं भरवायचे, तीही उलटून यायची. मला ती शिव्या देईल म्हणून मी वाट बघायचे, पण ती फक्त पाणी मागायची. एकदा दादा दारात येऊन म्हणाला, होडी सांगितली आहे, उद्या वेंगुर्ल्याला जाऊ. तिनं डोळे उघडले.

"आता पान फिरवन काय उपेग?" ती म्हणाली.

गेली तेव्हा कुशीवर निजली होती, भिंतीकडे तोंड करून. तेराव्यानंतरच्या सकाळी दादा आंघोळ करून आला आणि मला म्हणाला, "आज उजवो." मी दोन वाट्या घेतल्या. हो, मी. तीन वर्षं मी ते काम केलं, आणि हात बरा चालायचा माझा.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या साली जत्रेला सुभद्रा माहेरी आली. सुभद्रा म्हणजे राधाबाईची मुलगी, सत्यवानाची धाकटी बहीण, तळेरे गावी दिलेली. वय चाळिशीच्या आतबाहेर. देवीचे हार ओवायला ती आमच्या ओसरीवर बसली होती. मी तिला पेज आणि सुकटाची चटणी दिली. तिनं दोन चमचे घेतले आणि हात मागे आला.

"जेव गो. लाजतंस कित्या?"

"नको गे जानकीमावशी, पोट भरला." आणि तिनं सहज, बोलता बोलता, लुगड्याची गाठ सैल केली.

एक हार ओवून होईपर्यंत ती दोनदा परसात जाऊन आली. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, दोन महिने होत आले, वात असेल. मी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, तिच्या आईचं, शेवंतीचं, डॉक्टरणीचं. "कौल घेव नको," मी म्हणाले. "कोणाक इचारू नको. उद्या वेंगुर्ल्याक जा."

ती माझ्याकडे बघत बघत उठली. हार तिथेच टाकून पळत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवान चार माणसं घेऊन आला आणि मला देवळाच्या अंगणात नेलं. मी काय सांगितलं त्यातलं एक अक्षर त्यानं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "जानकी, तुझ्या तोंडान कोण बोलता?"

दादा वेत घेऊन आला. सुभद्रा बायकांत उभी होती, एक हात ओटीपोटावर दाबून. तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की जानकी गुरवीण ह्या गावात कुणीही नाही. जिवंत बाईचं इथे कुणी ऐकत नाही. मी माझा अंबाडा मीच सोडला. शेवंतीला जिथे बसवलं होतं तिथे जाऊन बसले आणि घुमायला लागले.

"कोण तू?" दादानं विचारलं.

"मी शेवंती."

वेत वरच्या वर थांबला. बायका मागे सरल्या. सत्यवानानं हात जोडले. "काय व्हया तुका, माये?"

"ह्या चेडवाक, सुभद्राक, उद्या सकाळी वेंगुर्ल्याक न्हे. डॉक्टरणीक पोट दाखव. ती सांगात ता कर. नायतर तुझ्या घराक सोडूचंय नाय. ह्या परशुरामाक तर सोडूचंयच नाय."

"न्हेतंय माये, न्हेतंय. सोड आमका."

दादाचा चेहरा मी केसांच्या आडून पाहिला. भूत नाही हे त्या अंगणात माझ्याखेरीज त्याला एकट्याला ठाऊक होतं. पण कसं ठाऊक, ते सांगायला तोंड उघडलं असतं तर पेजेची वाटी बाहेर आली असती. त्यानं वेत खाली टाकला आणि देवीचा अंगारा माझ्या कपाळाला लावला. बोटं गार पडली होती त्याची.

सुभद्राला नेली. डॉक्टरणीनं पहिला प्रश्न विचारला, आईला असं काही झालं होतं का? गाठ होती, पण अजून जागच्या जागी होती. शस्त्रक्रिया केली. दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं सांगितलं. महिन्याभरानं ती परत आली, वाळलेली, पोटावर टाक्यांचा वण घेऊन, पण स्वतःच्या पायांनी होडीतून उतरली. त्या रात्री ती दोन वाट्या पेज जेवली, असं तिच्या वहिनीनं मला येऊन सांगितलं.

आठ दिवसांनी सत्यवान वाजतगाजत देवळात आला. नारळ आणला, कोंबडा आणला, आणि हिरव्या काठाचं नवं लुगडं आणलं. शेवंतीसाठी. अंगणात त्या जागेवर ते ठेवून त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं आणि रडत रडत तिला माउली म्हणाला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. मग लुगडं ठेवायचं कुठे असा प्रश्न पडला, तेव्हा ती माझ्या अंगात येते म्हणून ते मलाच दिलं.

शेवंती त्याच जागी बसून अकरा वेळा म्हणाली होती, मी शेवंती. ते खरं होतं, आणि तिला अकरा वेत मिळाले. मी एकदाच म्हणाले. ते खोटं होतं, आणि मला लुगडं मिळालं.